ओट्याखालच्या कोंबड्या

आमच्यात नवऱ्याच्या आधी बायको जेवत नसे. त्याचं झालं की त्याच्याच भांड्यात वाढून घ्यायचं. मला या रीतीचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

लढाईच्या दिवसांत माझ्या बाच्या घशाखाली भाकरी उतरेना. पुढे भातही अडकू लागला. मुरबाडहून मोटारीने कल्याणला नेलं. तिथल्या डॉक्टरने अन्ननळीत कॅन्सर आहे म्हणून सांगितलं आणि पातळच द्या, म्हणाला. आई नाचणीची आंबील गाळून द्यायची, ती उलटून पडायची. शेळीच्या दुधाने पोट फुगायचं. शेवटी कोमट पेज तेवढी राहिली, तीही घोटघोट, पाठीला वळकटी लावून बसवल्यावर.

त्याची वाटी रिकामी होईपर्यंत आई उपाशी. माझा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. आईचं दूध आटत चाललं होतं, पोर रडून रडून बेजार व्हायचं. शेजारीण म्हणायची, "तू खा गो बाय, पोराकडं बघ." पण आई ऐकेल तर शपथ!

मग एकाएकी बा वाटी संपवू लागला. आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसायचा आणि रिकामी वाटी आणून द्यायचा. आईही मग जेवायची. मला वाटलं, बा सुधारतोय. पण अंगावरचं मांस झडतच होतं. एकदा मी मागून फिरून गेले, तर ओट्याखाली कोंबड्या पेज टिपत होत्या.

बाने मला पाहिलं. "आयशीला सांगू नको गो. ती जेवतं तरी."

मला संताप आला, पण संतापायचं कोणावर तेच कळेना.

पुढे त्याला ओट्यापर्यंतही जाववेना. आईने वाटी त्याच्या ओठाला लावली, पेज नाकातून बाहेर आली. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "कोंबड्या लय माजल्यात. मना काय दिसत नवतं व्हय?"

म्हणजे तिलाही सगळं ठाऊक होतं. तिने तीच वाटी घेतली, उरलेल्या पेजेत भात कालवला आणि त्याच्या आधी, त्याच्यासमोर जेवायला बसली. रडत होती आणि खात होती.

बा तिचा घास न् घास बघत होता. वाटी संपली तेव्हा म्हणाला, "आजून घे गो."

तिने आणखी घेतलं.