आखायचं मी, भरायचं तिनं

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आम्हाला काय द्यावं? चित्रं काढायच्या क्लासची दोन तिकिटं! रविवारी दुपारी, एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर, दोन तास. रंग त्यांचे, ब्रश त्यांचे, वर सरबत आन् सामोसे. मी म्हणलं, "अगं, जिंदगीभर रंगच कालवले ना मी. आता खर्चा करून कालवू का?" लेक म्हणली, "पप्पा, हे तुमच्यासाठी न्हाई, मम्मीसाठी आहे. तुम्ही फक्त सोबत जा." लागलं मला ते. पण गेलो.

मी पेंटर. म्हणजे, होतो. फ्लेक्स यायच्या आधी जालन्याच्या मस्तगडपासून पार भोकरदनपर्यंत कितीतरी दुकानांच्या पाट्या माझ्या. किराणा, मेडिकल, शिलाई मशीन, खत-बियाणं, काय न्हाई! पत्रा घासायचा, सूत मारून रेघा आखायच्या, खडूनं अक्षरं काढायची आन् बारीक ब्रशनं त्यांची आउटलाइन मारायची, इथपर्यंत माझं काम. अक्षरांच्या पोटात रंग भरायचा तो बायकोनं. स्वयंपाक आवरला की ती अंगणात पाटीसमोर बसायची, हातभर उंचीचं एकेक अक्षर भरत. मी मागून ओरडायचो, "रेघेच्या बाहेर जाऊ नको!" ती कधीच जात नव्हती, तरी ओरडायचो. शेवटी खालच्या कोपऱ्यात माझं नाव टाकायचं: पेंटर अमुकतमुक, मस्तगड, जालना. तिचं नाव टाकावं असं कधी डोक्यातसुद्धा आलं न्हाई. लोक म्हणायचे, काय सफाई आहे हो हाताला! मी म्हणायचो, मंग!

तर कॅफेत दहा-बारा जण आल्ते. कॉलेजच्या पोरी, ऑफिसातले दोघं-तिघं, एक डॉक्टरीणबाई. शिकवणारी मुलगी आमच्या लेकीहून लहान. समोर तिनं नमुन्याचं चित्र लावल्तं: समुद्र, मावळता सूर्य, नारळाचं झाड. मी बायकोच्या कानात म्हणलं, "जालन्यात समुद्र! इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई." ती म्हणली, "गप बसा हो. सरबत प्या."

ब्रश हातात घेतला. किती वर्षांनी धरत होतो! ब्रश पाण्यात धुवायचा म्हणे. मी आपला रॉकेलचा डबा शोधून राह्यलो. पण एकदा रेघ सुटली की सुटली. दहा मिनिटांत समुद्र, सूर्य, झाड, सगळं आखून मोकळा. मंग कॅनव्हास न बघताच डावीकडे सरकवला. तिनंही तसाच घेतला, पदर खोचला आन् सूर्य भरायला लागली. मी सामोसा उचलला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं न्हाई.

शिकवणारी मुलगी फिरत फिरत आली. "काकू, तुमचा कॅनव्हास कोराच आहे की! हे तर काकांचं चित्र आहे ना?"

"हे आखतात, मी भरते," बायको म्हणली. "आमच्यात तसंच असतं."

पोरी हसल्या. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या न्हाईत. माझ्याकडे निरखून बघत म्हणल्या, "काका, आमच्या सासऱ्यांच्या मेडिकलची पाटी तुमचीच ना? लाल अक्षरं, पिवळी सावली. अजून जपून ठेवलीय आम्ही. इतका साफ रंग भरलाय!" मंग बायकोकडे वळून म्हणल्या, "म्हणजे, तो तुम्ही भरला होता?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं विचारून राह्यली होती ती नजरेनं. स्वतःच्या कामाचं सांगायला माझी परवानगी! लय लाज वाटली मला. मी म्हणलं, "हिनंच भरला. सगळ्याच पाट्या हिनं भरल्यात."

त्या मुलीनं कोरा कॅनव्हास बायकोपुढे ठेवला. "समुद्र नको असेल तर राहू द्या काकू. तुम्हाला पाहिजे ते काढा." बायको त्या पांढऱ्या कापडाकडे बघत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मंग हळूच म्हणली, "अहो, मला न्हाई येत. तुम्ही द्या ना आखून."

माझा हात पेन्सिलीकडे गेल्ताच. पण तो मी मागं घेतला. आजही मीच आखून दिलं तर ही बाई जन्मभर दुसऱ्याच्या रेघेतच रंग भरणार, एवढं मला तिथं बसल्या बसल्या कळलं. म्हणलं, "न्हाई. आज तू आख."

"हसतील लोक."

"हसू दे की."

तिचे डोळे भरून आले. आता ही उठून घरी जाते, असंच मला वाटलं. गेली असती तर निव्वळ माझ्यामुळं गेली असती. पण तिनं नाक पुसलं, पेन्सिल उचलली आन् एक वाकडी रेघ ओढली. मंग दुसरी. काय काढती कळंना. चार पाय झाले, चारी चार तऱ्हेचे. मंग शिंगं, एक वर, एक खाली.

"म्हैस आहे का?"

"आमच्या मंठ्याची, माहेरची," ती म्हणली. "मी सासरी निघाले तेव्हा दावं तोडून गाडीमागं आल्ती. तुम्हाला कशाला ठाऊक असंल!"

खरंच ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांत मी विचारलंच न्हाई.

तिनं कॅनव्हास उजवीकडे माझ्याकडे सरकवला. "घ्या, भरा." मी काळा रंग घेतला आन् भरायला लागलो. हात मेला ऐकंना. पाठीवरून रंग बाहेर गेलाच.

"रेघेच्या बाहेर जाऊ नका!" ती ओरडली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मंग तिनं बोटाला पदर गुंडाळला आन् बाहेर गेलेला रंग बराबर टिपून घेतला. अंगणात माझ्या चुका अशाच टिपत असणार ती, मला न सांगता.

चित्र झालं. मी बारीक ब्रश घेतला आन् हाताला वळण पडलेलंच होतं, खालच्या कोपऱ्यात 'पेंटर' लिहून मोकळा झालो. तिथं थांबलो. मंग पुढं तिचं नाव लिहिलं.

तिनं वाकून नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मंग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणली, "अहो, मस्तगड, जालना राह्यलं की."