मी तव्हा पाठमोरा होतो

घनश्यामभाऊंना गावात भांडण सहन होत नसे, आणि न्याय तर त्याहून नसे. ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष झाले, वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी लागली, आणि त्या दिवसापासून महागावच्या ठाण्याकडे निघालेला प्रत्येक माणूस त्यांना गावाचा वैरी वाटू लागला. कुणाचं डोकं फुटो, कुणाच्या सुनेला मार बसो, भाऊ चहा पाजून ओट्यावरच प्रकरण दाबत. नाहीच दबलं तर साक्षीदाराला बाजूला घेऊन एकच वाक्य घोकून घेत, "साहेब, मी तव्हा पाठमोरा होतो." यात खोटं बोलल्याचं पापही लागत नाही, असं वर सांगत. निर्लज्जपणाला काही सीमा!

लालीबाईच्या नवऱ्याला, लालसिंगला, रेतीच्या टिप्परने चिरडलं ते गावातल्याच उकंडा नावाच्या माणसाने समोरून पाहिलं होतं. कोर्टात मात्र तो भाऊंनी पढवल्याप्रमाणे पाठमोरा झाला. ड्रायव्हर सुटला. लालीबाईने पोटासाठी स्टँडवर चहाची टपरी टाकली, आणि गावाची अब्रू वाचली म्हणून भाऊ वर्षभर मिरवत राहिले.

यंदा त्याच टिप्परवाल्याच्या माणसांनी भाऊंच्या एकुलत्या एका पोराला, नयनला, स्टँडवर लोखंडी रॉडने झोडपलं. ती माणसं चोरून रेती उपसत होती तेव्हा पोराने त्यांचे फोटो काढले होते. दोन्ही पाय मोडले. स्टँड भरलेलं होतं, पण सगळे पाठमोरे. भाऊंनीच तयार केलेलं गाव ते! पाहिलं म्हणणारी एकटी लालीबाई निघाली.

भाऊ जन्मात पहिल्यांदा तिच्या टपरीवर गेले.

"लालीबाई, कोर्टात सांगशील नं वं?"

"सांगीन नं. कायले नाई सांगू?" तिने चहा गाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला. "पोराले कोनं मारलं, सारं सांगीन. अन् उकंडाले कोनं पढवलं, थेबी सांगीन. उकंडाबी माह्यासंग कोर्टात साक्ष द्याले येऊन राह्यला."

भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. "जुनं कायले उकरतं? मले जेल होईन!"

"जेलातून मानूस वापस येते, भाऊ. माहा मानूस आला नाई. सांगीन तं दोन्ही, नाई तं एकबी नाई."

भाऊ तिला मनातल्या मनात शिव्या घालत यवतमाळच्या दवाखान्यात पोचले. पोराचे पाय प्लास्टरमध्ये होते. भाऊंनी त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

"नयन, केस मागं घेऊ. गावातल्या गावात मिटवून टाकू."

"काहून?"

"थे लालीबाई भरवशाची नाई. आयन वेळी पलटून जाईन."

"लालीबाई काल येऊन गेली, बाबा. सारं सांगून गेली मले." नयनचा आवाज चढला नाही. "मी तिले म्हटलं, माहा बाप तुले सोता कोर्टात घेऊन जाईन."

भाऊ गावाच्या एकोप्याबद्दल काही बोलू लागले. नयनने मान भिंतीकडे वळवली. भाऊंनी दोनदा हाक मारली. पोरगा पाठमोराच राहिला.