सहा काडतुसांतलं एक

आमच्या शूटिंग क्लबात येणारी बहुतेक गिऱ्हाइकं नऊ एमएमचं पिस्तूल मागतात. त्यात वाईट काही नाही. भरायला सोपं, चालतं भराभर आणि हाताला त्रास नाही. थर्टी एटचं रिव्हॉल्व्हर त्याहून मवाळ. नवख्याला किंवा बायकोपुढे फजिती नको असणाऱ्याला तेच द्यावं. पण मला विचाराल तर काडतुसांत रुबाब एकाचाच, थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नमचा. गोळी थर्टी एटच्या गोळीएवढीच जाड. पितळेची पुंगळी तेवढी तीनेक मिलिमीटर लांब आणि आतल्या दारूचा जोर दांडगा. ते उडालं की शेजारच्या लेनमधला माणूस आपला नेम सोडून वळून बघतो. कानांवर मफ असले तरी आवाज छातीत जाणवतो, नळीच्या तोंडाशी केशरी जाळ दिसतो. एवढ्याशा लांबीने एवढा फरक पडावा याचं मला अजून कौतुक वाटतं.

क्लब शारजाच्या बाहेर, वाळूत आहे. मी मागच्या खोलीत हत्यारं साफ करायचो. काउंटरवर चाचा होते, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. बावीस वर्षं त्यांनी तिथे उभं राहून काडतुसं दिली. एखादं गिऱ्हाईक मॅग्नमकडे बघून बिचकलं की चाचांचं ठरलेलं वाक्य यायचं. "डरने का नहीं साहब. झटका नहीं लगता. बछड़ा माथा लगाके धकेलता है ना, बस वैसा." दहा देशांची माणसं या वासरावर हसायची आणि मॅग्नम घ्यायची.

गंमत म्हणजे चाचांनी स्वतः एकही गोळी कधी झाडली नव्हती. काउंटरवरच्या माणसाला तशी परवानगीच नव्हती. मी झाडली होती, रेंज ऑफिसरच्या परीक्षेत. रिव्हॉल्व्हर उसळून कपाळापर्यंत आलं, डोळे आपोआप मिटले आणि मी चक्क घाबरलो. तेव्हाच मला कळलं की हे वासरू नाही. पण चाचांना मी ते सांगितलं नाही. वाक्य इतकं छान होतं आणि ते इतक्या खात्रीने बोलायचे, की माझी जीभ रेटेना.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी कायमचा गावी निघाला की शेवटच्या दिवशी साहेब त्याला आवडीच्या हत्याराने सहा गोळ्या झाडू देतात. साहेब इथलेच, लष्करातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. जाणारे बहुतेक जण नऊ एमएमचं पिस्तूल घेतात, कारण फोटो झकास येतो. चाचांची जायची वेळ आली तेव्हा त्यांनी मॅग्नम मागितलं.

"इतकी वर्षं लोकांना सांगतोय," ते मला म्हणाले. "एकदा बघू दे, खरं सांगतोय का थापा मारतोय." व्हिसा रद्द झाला होता, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. पुन्हा हे रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात येणार नव्हतं.

आता माझी करामत सांगतो. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी एटची काडतुसंही चालतात, आणि आदल्या दिवशी एका कंपनीच्या लोकांनी दिवसभर तीच उडवली होती. ही काडतुसं आखूड. त्यामुळे सिलिंडरच्या, म्हणजे सहा घरांच्या फिरत्या चक्राच्या, प्रत्येक घरात त्यांच्या पुढे काजळीचं कडं धरतं, नेमकं तिथे, जिथे मॅग्नमची जास्तीची लांबी बसायची असते. म्हणून थर्टी एट उडवल्यावर सहाही घरं पितळी ब्रशने घासायची असतात. हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. पण बाहेर आम्हाला घरी नेणारी बस हॉर्न वाजवत होती. मी नळी पुसली, वरून तेलाचा हात फिरवून रिव्हॉल्व्हर चकाचक केलं आणि टांगून निघून गेलो.

चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आले होते. गिऱ्हाइकं गेली होती. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीआधी गोळीबार बंद, हा नियम साहेब स्वतःसाठीही मोडत नाहीत, आणि अजानीला अर्धा तास होता. चाचांनी पहिलं काडतूस घातलं. ते बरंचसं आत गेलं आणि अडकलं. दुसरंही तसंच. तिसरंही. काडतूस असं बाहेर राहिलं की सिलिंडर मिटत नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

चाचांनी सिलिंडर उजेडात धरून आत डोकावलं. "ब्रश आण," एवढंच म्हणाले.

मी ब्रश आणला. म्हटलं, "चाचा, एक-दोनच घरं साफ करा. तेवढ्या गोळ्या तरी होतील. बाकीची मी मागाहून घासतो."

"अर्धी साफ केलेली बंदूक मी काउंटरवरून कुणाला दिली नाही," ते म्हणाले. "आज स्वतःला देऊ?"

मग ते स्टुलावर बसले आणि एकेक घर घासू लागले. तेलाचा थेंब, ब्रश, फडकं, पुन्हा उजेडात बघणं. मी बाजूला फडकं धरून उभा. मी ब्रश मागितला, त्यांनी दिला नाही. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. सहावं घर झालं तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. "यल्ला. वाहिद. बस."

म्हणजे चला, एकच.

चाचांनी एक काडतूस घातलं. ते अलगद, पार तळापर्यंत बसलं. दोन्ही हातांनी मूठ धरून त्यांनी नेम घेतला. आवाज झाला, जाळ दिसला, हात डोक्याच्या वर गेले आणि चाचा अर्धं पाऊल मागे आले. निशाणाच्या कागदाच्या पांढऱ्या कोपऱ्यात भोक पडलं होतं. तेवढ्यात लांबून अजान सुरू झाली.

त्यांनी मफ काढले, तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. "वासरू कसलं रे," ते म्हणाले. "बैल आहे बैल. काय चीज आहे." मग त्यांनी मला विचारलं, "तू परीक्षेत उडवलं होतंस ना?"

"हो."

"मग भीती वाटते, हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"नऊ वर्षं माझ्या शेजारी आहेस. एकदा तरी सांगायचं होतंस."

काजळीबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाही. उरलेली पाच काडतुसं मी डब्यात परत ठेवली.

आता काउंटरवर मी असतो. कुणी मॅग्नमकडे बघून बिचकलं की मी सांगतो, "डर लगेगा साहब. सबको लगता है. फिर भी लो." तरीही लोक घेतात, आणि झाडून आल्यावर त्यांचा चेहरा चाचांसारखाच झालेला असतो. मात्र हातात देण्याआधी मी सहाही घरं त्यांच्यासमोर एकेक करून उजेडात धरतो. गिऱ्हाईक उतावीळ होतं. मी त्याला थांबायला लावतो.