खुनी कोण ते मी ठरवणार

देवरीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे जत्राच; तिथं रात्री नाटक झालं की ते कोणाला तरी झोंबायचंच. फौजदार लाचखाऊ दाखवला, तर पोलीस पाटील रुसले. पुढच्या वर्षी मास्तर विसराळू दाखवला, तर अख्खी शाळा रुसली. बी.ए. होऊन घरी बसलेला मी ही नाटकं लिहायचो. दोन हजार चारच्या सुमारास वैतागून मी फौजदारच इटलीचा केला. म्हटलं, आता या तक्रार करायला.

हा फौजदार कायम थकलेला, कारण ते काम करणारा माझा मित्र एसटीत कंडक्टर होता. ड्युटी संपवून तो थेट तालमीला यायचा. खाकी घरचीच होती, वर हॅट चढवली की झाली इटली. जांभयाही अस्सल. प्रेताशेजारी बसून तो आधी चहा मागायचा आणि मग विचारायचा, "काऊन मारला गा याले?" तालमीतच लोक हसून लोळायचे.

खून व्हायचा एका म्हाताऱ्या जमीनदाराचा, आणि खुनी त्याचा मुलगा. मुलाचं काम दादाजींच्या पुतण्याकडे होतं. दादाजी म्हणजे मंडईला शेत आणि जनरेटर देणारे, गावातले सगळ्यात मोठे मालक. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय जातो त्या गड्याचं काम त्यांच्याच सालगड्याकडे होतं. एकदा दादाजी तालमीला आले, त्यांनी शेवट ऐकला आणि मला बाजूला घेतलं.

"गड्याले खुनी कर ना. मालकाच्या पोराले कायले बदनाम करून राहिला?"

नाटकच तर आहे, बदलून टाक, असं नाटक मंडळातले सगळे म्हणाले. नाटकच तर आहे म्हणे! आमच्या गावात एक भला माणूस तरुणपणी नाटकात राक्षस झाला होता, त्याच्या नातवाला अजून 'राक्षसाचा' म्हणतात. त्याच संध्याकाळी सालगडी माझ्या दारात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"भाऊ, नाटक एका रातीचं. मले पोरीचं लगन कराचं आहे. खुन्याची पोरगी कोण नेईन?"

माझं डोकं फिरलं. दादाजींच्या तोंडावर मी हो म्हणालो आणि नाटकातलं एक अक्षर बदललं नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत पाठांतराच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. पडद्याआडून प्रॉम्प्टर सांगतो, नट तेच मोठ्यानं बोलतात. आणि आमचा प्रॉम्प्टर मी होतो.

शेवटच्या प्रवेशात फौजदारानं जांभई देत विचारलं, खून कोणी केला? गडी मान खाली घालून उभा होता. पुतण्याला एक ओळ येत नव्हती, त्याचे कान माझ्याकडे लागलेले. मी सांगितलं. तो छाती काढून गरजला, "बाबांना मीच मारलं. खाली बसून रडतो."

रडतो ही सूचना होती, पण तीसुद्धा त्यानं ठणकावून म्हटली. मांडव हसून फुटायचा बाकी होता. पहिल्या रांगेतले दादाजी ताडकन उठले आणि पडदा पाडा म्हणून हात करू लागले. पडदेवाल्याचा हात दोरीवर गेला. तेवढ्यात इटलीचा फौजदार पुढे आला. रोज भांडखोर प्रवासी सांभाळणारा माणूस तो.

"बसून राहा, दादाजी," तो थकल्या आवाजात म्हणाला. "तुमचा स्टॉप अजून आला नाही."

लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की दादाजींना बसावंच लागलं. गड्यानं मान वर केली.

पुढच्या मंडईला दादाजींनी दुसरा लेखक आणला. खुशाल आणावा. तेच नाटक उद्या लिहायला सांगितलं, तर मी खुनी तोच ठेवीन. पुतण्याला गाव अजून 'खुनी' म्हणतं, आणि त्याचं काहीही अडलं नाही. ग्रामपंचायतीला तो त्याच नावावर निवडून आला. सालगड्याच्या मुलीचं लग्न झालं, मी पोटभर जेवून आलो. सालगड्याला मात्र सगळं गाव त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानंच हाक मारतं.