कोयोटांचा वाटा

फिदेन्सियोचा डावा कान पार गेलेला होता. तरुणपणी बोटीवरच्या हवेच्या पंपाची नळी तोंडात धरून तो शिंपल्यांसाठी खोल बुड्या मारायचा, त्यातच कधीतरी पडदा फाटला. त्यामुळे त्याच्याशी बोलायचं ते उजवीकडून आणि शिव्या घालायच्या त्या डावीकडून, अशी आमच्या किनाऱ्यावरची पद्धत. मीही घातल्यात, मनसोक्त. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो तिचा धर्मबाप झाला, तेव्हापासून तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. रक्ताच्या नात्यापेक्षा हे नातं अवघड बघा, कितीही भांडण झालं तरी अहो-जाहो सोडता येत नाही.

आमची वस्ती, ला बोकीता, म्हणजे आठ बोटी, माझी खानावळ आणि पुढे वाळूच वाळू. डांबरी रस्ता गाडीने दोन तासांवर. हिवाळा आला की उत्तरेकडच्या देशातले गोरे म्हातारे आपापली फिरती घरं आणि तंबू घेऊन यायचे आणि मार्चपर्यंत मुक्काम ठोकायचे. बरोबर जनावरं असायचीच. एक बाई मांजराला दोरी लावून फिरवायची. एकजण कुत्र्यासाठी रोज कोंबडी शिजवायचा आणि स्वतः डब्यातला घेवडा खायचा. आम्ही हसायचो, पण माणसं मनाने चांगली होती. त्यांच्या तळाची राखण फिदेन्सियोकडे. पाण्याची पिंपं भरायची, सरपण द्यायचं, आणि दिवस कलला की उजवा कान पुढे करून तळभर ओरडत फिरायचं, "कुत्री बांधा! मांजरं आत घ्या! पाहुणे यायची वेळ झाली!"

पाहुणे म्हणजे कोयोट. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून हडकुळे, आणि अक्कल दोघांच्या वर. आमची स्वतःची कुत्री बोटींखाली मोकळी झोपायची, त्यांना कोयोटांचं तंत्र ठाऊक होतं. पण गाद्यांवर वाढलेल्या त्या कुत्र्यांना काय डोंबल ठाऊक असणार!

यावर फिदेन्सियोने एक तोड काढली होती. संध्याकाळी बोटीवाल्यांनी मासे साफ केले की डोकी, आतडी, काटे असं सगळं तो बादलीत भरायचा आणि उत्तरेकडच्या पांढऱ्या टेकाडापलीकडे नेऊन ओतायचा. बादलीवर काठीने तीन टोले द्यायचा. तिथे कोयोट जेवायचे आणि इकडे फिरकायचे नाहीत. निदान तो तरी असं म्हणायचा.

"तीस वर्षं झाली, कोमाद्रे. एक कुत्रं गेलं नाही."

"कोम्पाद्रे, तुम्ही त्यांना लांब ठेवत नाही, घंटा वाजवून पंगतीला बोलावताय."

"पोट भरल्यावर कशाला येतील इकडे? तुमच्या हातचं सूप प्यायला?"

"माझ्या सुपाला नावं ठेवायची असतील तर उद्यापासून टेकाडावरच जेवा त्यांच्याबरोबर."

खदाखदा हसायचा. बायको तिहुआना शहराला निघून गेली ती परत आली नाही, पोरंबाळं झाली नाहीत. पण "एक कुत्रं गेलं नाही" हे सांगताना त्याची मान अशी ताठ व्हायची की वाटायचं, ह्या माणसाला आयुष्यात कशाचीच कमी पडली नाही.

पाहुण्यांमध्ये डोरीनबाई सगळ्यात जुनी. पहिली बरीच वर्षं नवऱ्याबरोबर आली. नवरा गेल्यावर एकटीच गाडी हाकत आली, शेजारच्या सीटवर बटन. हा बटन म्हणजे कुरळ्या केसांचं, पडक्या दातांचं, वीतभर कुत्रं. नवऱ्याने मरायच्या आधी तिच्यासाठी आणलेलं. रात्री ते नवऱ्याच्या उशीवर झोपतं, असं तिनेच मला सांगितलं होतं, आणि सांगताना डोळे पुसले होते. आमची भाषा ती मोडकीतोडकी बोलायची, पण रडताना कुठली भाषा लागते?

त्या जानेवारीत ती खडकावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला गाडीत झोपवून दवाखान्यात न्यायचं, तिथून पुढे तिच्या देशात, असं ठरलं. कुत्र्याला तिथे कुणी घेणार नव्हतं. बाई वेदनेने पांढरीफटक पडली होती, पण बटनला सोडायला तयार नाही. ओरडायला लागली, "माझं दुसरं कोण आहे? कोण आहे माझं?"

फिदेन्सियो गुडघ्यांवर बसला. "सेन्योरा, मी आहे ना. माझ्या जिवाला काही होईल, पण याला होणार नाही. तुम्ही चालत या आणि घेऊन जा."

तिने त्याचा हात आपल्या गालाला लावला आणि मग कुत्रं दिलं.

तीन आठवडे बटनची चैन चालली होती. हा मनुष्य त्याला शर्टात घालून फिरायचा. रावस भाजून, काटे काढून भरवायचा. मी म्हणायची, "कोम्पाद्रे, आता पाळणा तेवढा बांधा." टेकाडाकडे जाताना मात्र त्याला खानावळीच्या खांबाला पक्कं बांधून जायचा आणि मला बजावायचा, "कितीही रडला तरी सोडायचं नाही हं." कुत्रं रडायचंच. तो परत येईपर्यंत असं केकाटायचं की गिऱ्हाईकं ताट घेऊन बाहेर जाऊन बसायची.

फेब्रुवारीत समुद्र उठला. घराएवढ्या लाटा. एकही बोट पाण्यात गेली नाही. मासे नाहीत तर डोकी कुठली? पहिल्या दिवशी फिदेन्सियोने माझ्याकडच्या शिळ्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, नेल्या. मग भात. मग घेवडा. मग स्वतःच्या खाटेखालचे सार्डिन माशांचे डबे फोडले. नवव्या दिवशी काहीच उरलं नाही, आम्हीच कॉफीवर होतो. तरी संध्याकाळी ह्याने बादली उचलली.

"रिकामी बादली घेऊन कुठे?"

"सांगून यायला हवं ना. तीस वर्षांचा शब्द आहे. वाट बघत बसतील."

"जा जा, लेखी अर्ज देऊन या! अहो, जनावरं आहेत ती, सोयरे नाहीत. उपाशी जनावरांसमोर जाऊन रिकामं भांडं काय वाजवताय?"

मी डाव्या बाजूला उभी होते. त्याला ऐकूच गेलं नसावं. की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, देव जाणे.

तो गेला आणि बटन सुरू झाला. वारा, वाळू, चुलीचा धूर परत तोंडावर येतोय, पोटात अन्न नाही, आणि ते केकाटणं. डोक्यात घण घातल्यासारखं. मी दोनदा ओरडले. लाकूड फेकून मारलं, लागलं नाही. आणि मग माझंच डोकं फिरलं. म्हटलं, जा मेल्या, जा तुझ्या बापाकडे! मी जाऊन गाठ सोडली. तो फार लांब गेला नव्हता, पाठ दिसत होती. मला वाटलं, पन्नास पावलांत गाठेल, तो उचलेल, शर्टात घालेल. हे मला खरंच वाटलं होतं. कुत्रं बाणासारखं सुटलं आणि मी सुखाने चुलीकडे वळले.

टेकाडापलीकडून तीन टोले ऐकू आले. मग भुंकणं. मग काहीच नाही.

पुढचं त्याने मला सांगितलं ते इतकंच, की कोयोट नेहमीसारखे लांब बसलेच नव्हते, बादली वाजताच अंगावर आल्यासारखे जवळ आले होते. बटन त्याच्या डाव्या अंगाने भुंकत पुढे गेला. ह्याला चाहूल लागली नाही. दिसला तेव्हा तो चार कोयोटांच्या मध्ये होता. फिदेन्सियो काठी घेऊन धावला, पडला, बादली फेकून मारली. अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिला.

परत आला तेव्हा गुडघे फुटले होते. सरळ खांबापाशी गेला. दोरी तिथेच लोंबत होती. चावून तुटलेली नाही, ओरबाडलेली नाही, टोकाची गाठ नीट सोडवलेली. त्याने ती हातात घेऊन बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत होते, स्वच्छ झालेली भांडी पुन्हा घासत होते. बोला ना, मी मनात म्हणत होते, आईवरून शिवी द्या, थोबाडीत मारा. त्याने दोरी गुंडाळून खिशात घातली आणि झोपायला गेला.

तीन दिवस तो वाळू पालथी घालत होता. शेवटी गळ्यातला निळा पट्टा तेवढा सापडला. धुऊन, वाळवून त्याने तो मारियामातेच्या तसबिरीखाली ठेवला. मी म्हटलं, डांबरी रस्त्यावरच्या दुकानाच्या फोनवरून बाईला कळवू या. म्हणाला, "चालत या म्हणून सांगितलंय मी. तोंडावर सांगायला हवं."

या तीन दिवसांत मी त्याला किती वेळा सांगायला गेले! दारापर्यंत जायची आणि कॉफी ठेवून परत यायची. त्याला ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. भ्याले. दुसरं काही नाही.

मार्चच्या शेवटी डोरीनबाई आली. कुणीतरी गाडी चालवत आणली होती, हातात काठी, पण पायांवर चालत. उतरल्याबरोबर बटनला हाक मारायला लागली. फिदेन्सियो टोपी काढून उभा राहिला आणि पट्टा पुढे केला.

ती पडेल असं वाटलं म्हणून मी खुर्ची आणली. तिने पट्टा हातात घेतला. मग विचारलं, "बांधला नव्हता?"

"बांधला होता."

"मग सोडला कुणी?"

मी तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते. बोलायला तोंड उघडलं, शप्पथ सांगते, उघडलं होतं.

"मी," फिदेन्सियो म्हणाला. "मीच घेऊन गेलो बरोबर. चूक झाली, सेन्योरा."

"तुझ्या जिवाची शपथ घेतली होतीस तू," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तूच सगळ्यांना सांगायचास ना, बांधा म्हणून?"

त्याने मान खाली घातली. तळावरचे सगळे भोवती जमले होते, त्या सगळ्यांसमोर. तीस वर्षांचं त्याचं जे काही होतं, ते तिथे वाळूत गेलं, आणि तो ते जाऊ देत होता. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

बाई त्याच दुपारी निघाली. गाडीत बसण्याआधी माझ्यापाशी आली, काठी बाजूला टेकवून मला घट्ट मिठी मारली आणि रडत म्हणाली, "तू तरी माझ्या बटनला जीव लावलास, मला माहीत आहे." फिदेन्सियो दहा पावलांवर उभा होता, टोपी हातात, उजवा कान आमच्याकडे. त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मी डोळे मिटले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.