कासिआनो मास्तरांना हवं असलेलं उत्तर

आमच्या पासो इता गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, कासिआनो आयाला मास्तर. त्यामुळे त्यांना ते बरोबर येतं की चूक, हे सांगणारं गावात कुणीच नव्हतं. आम्ही घरात ग्वारानी बोलतो, शाळेत स्पॅनिश. इंग्रजी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, तेही सरावाच्या कागदांवर. शाळेच्या प्रती काढायच्या खडखडणाऱ्या यंत्राची मूठ मास्तर स्वतः फिरवायचे, आणि निम्मी शाई कागदावर, निम्मी त्यांच्या बाहीवर उतरायची.

रिकाम्या जागा भरा, वाक्याचा नकार करा, प्रश्न करा, हाच सगळा अभ्यास. पुस्तकातली माणसं सारखी बर्फावरून घसरायची नाहीतर आगगाडी चुकवायची. आमच्याकडे बर्फ फक्त तेरेरेच्या, म्हणजे गार पाण्यातल्या चहाच्या, थर्मासात, आणि आगगाडी चुकवायला मुळात आगगाडी तर हवी. म्हणून मास्तर वाक्यं गावातूनच उचलायचे. देओलिंदाबाई रोज चिपा विकते. देओलिंदाबाई चिपा विकत नाही. देओलिंदाबाई चिपा विकते का?

हे देओलिंदाबाईंच्या कानावर गेलं तेव्हा चिपाची, म्हणजे चीजच्या पावांची, टोपली डोक्यावर घेऊन त्या थेट वर्गात आल्या.

"मास्तर, मी चिपा विकत नाही असं पोरांकडून लिहून घेता? गिऱ्हाईक तोडायचंय का माझं?"

"बाई, तो नकाराचा सराव आहे."

"मग नकार तुमच्या बायकोच्या नावावर करा. ती करतेच रोज."

मास्तरांना इंग्रजी शिकवलं ते एका पोलिश पाद्रीबाबांनी, आणि बाबांना ते कुणी शिकवलं हे बाबांनाच ठाऊक. पुढचं शिक्षण रेडिओवर झालं. संध्याकाळी फणसाएवढा रेडिओ मांडीवर घेऊन मास्तर लांबच्या देशांच्या बातम्या ऐकायचे आणि मध्येच थांबवल्यासारखा हात वर करून काहीतरी विचारायचे. रेडिओ आपलं पुढे चालू ठेवायचा.

"सगळं समजतं रे मला," ते एकदा म्हणाले. "पण तो माझं कधी ऐकून घेत नाही. मी एकदा बोलावं आणि समोरच्यानं त्याच भाषेत उत्तर द्यावं, एवढंच हवंय. एक वाक्य पुरे."

त्यांचं स्वतःचं वाक्य तयारच होतं. आपण लांबून आलात, थकला असाल, आमचं गाव आपल्याला कसं वाटलं? आम्हाला ते तोंडपाठ होतं, कारण प्रत्येक परीक्षेत ते असायचंच. फक्त लांबून कुणी येत नव्हतं.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. राजधानीहून, आसुन्सिओनहून येणारी दुपारची बस फाट्यावर बंद पडली. देओलिंदाबाई धापा टाकत वर्गाच्या दारात आल्या.

"मास्तर, चला. तुमचं इंग्रजी आलंय. फाट्यावर बॅगेवर बसलंय."

बॅगेवर बसली होती ब्रिजेट नावाची कॅनडाची मुलगी. नाक उन्हानं सोललेलं, पायाला आमची लाल माती. अर्धं गाव तिच्याभोवती उभं होतं, पण तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, कारण तो मान मास्तरांचा होता. लोकांनी त्यांना वाट करून दिली. मास्तरांनी बाह्या नीट केल्या, घसा साफ केला आणि ते वाक्य म्हटलं. संपूर्ण, एकही शब्द न गाळता.

मुलगी हसली. म्हणाली, हो, दमले खरी, पण गाव फार छान आहे, आणि ही झाडं तर फारच.

हे सगळं ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. आमच्या तिसरीतल्या पोरांनीही तोंड लपवावं अशा स्पॅनिशमध्ये.

मास्तरांनी इंग्रजीत दुसरा प्रश्न विचारला. तिनं पुन्हा स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं आणि मग हातच जोडले. "मास्तर, कृपा करा. मी स्पॅनिश शिकायला घरून इतक्या लांब आले. जो भेटतो तो माझ्याशी इंग्रजीच बोलायला बघतो. तुम्ही तरी माझ्याशी स्पॅनिश बोला. आणि चुकलं तर सांगा."

मी मास्तरांना कोपरानं ढोसलं. "मास्तर, सोडू नका. इंग्रजीतच बोला. पुन्हा कोण येतंय इथं?"

मास्तरांनी माझं कोपर बाजूला सारलं. मग मला म्हणाले, "गप रे. ती शिकायला आलीय."

ते तिच्या शेजारी बसले. माझ्या वहीचं पान फाडलं, गुडघ्यावर धरलं आणि तिच्या ज्या चुका होत होत्या नेमक्या त्यांवर दहा रिकाम्या जागांचा कागद लिहून दिला, स्पॅनिशचा. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून शिव्या घालत होता, आणि ही मुलगी पेन्सिल चावत जागा भरत होती. मास्तरांनी कागद तपासला, तीन चुका समजावल्या, पुन्हा करायला लावल्या. तेवढ्या वेळात इंग्रजीचा एक शब्द त्यांनी काढला नाही. मी मात्र त्यांचे ओठ पाहत होतो. दोनदा उघडले आणि तसेच मिटले.

बस सुरू झाली. मुलीनं कागद घडी करून छातीजवळच्या खिशात ठेवला, खिडकीतून हात हलवला आणि शुद्ध स्पॅनिशमध्ये आभार मानले. चांगलं शिकली होती, त्याला काय करणार.

"बोलली की हो छान," देओलिंदाबाई म्हणाल्या.

"हो."

"मग तोंड का पडलंय?"

मी म्हणालो, "मास्तर, तुमचं तिला कळलं ना? कळल्याशिवाय का बरोबर उत्तर दिलं तिनं?"

"कळलं रे," मास्तर म्हणाले. "माझं तिला कळलं. तिचं ऐकायचं राहून गेलं."

तेव्हापासून मास्तर दुपारचं तेरेरे फाट्यावर, लापाचोच्या झाडाच्या सावलीत घेतात. बस येते, दोन-तीन ओळखीची माणसं आणि कोंबड्यांची खुराडी उतरवते आणि निघून जाते. देओलिंदाबाई टोपली सावरत सांगतात, "मास्तर, ऐकलंत का, कंपनीनं इंजिन नवीन बसवलंय. आता नाही बंद पडत."

"यंत्राचं काय सांगता येतं बाई," मास्तर म्हणतात, आणि गार पाण्याचा पेला पुन्हा भरून घेतात.