टांगलेल्या ओझ्याला हात लावायचा नाही

आमच्या शेजारच्या चाचांइतका संशयी माणूस अख्ख्या मुरुडात शोधून सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा डोळे मिटून भरवसा. संशय फक्त वजनांवर. उमेदीची वर्षं त्यांनी आखातात क्रेनच्या हुकाला ओझी बांधण्यात काढली आणि परत येऊन मागच्या पडवीत वर्कशॉप थाटलं. तिथे गर्डरला चेनपुली, चेनपुलीला तबकडीचा भलामोठा काटा आणि काट्याला हाताला लागेल ते. फणस लटकला, गॅसची टाकी लटकली, मी प्रेमाने नेलेले नारळसुद्धा आधी लटकले आणि मग घरात गेले. "अंदाजान फक्त मीठ घालायचा, बेटी," असं वर मलाच ऐकवायचे! खाली खडूची रेघ. ती ओलांडायची नाही आणि टांगलेल्या ओझ्याला हात लावायचा नाही. एकदा चाची लटकत्या पोत्यावरचं कोंबडीचं पीस झटकायला पुढे झाल्या, तर चाचा असे ओरडले की कोंबडीच दोन दिवस परसात फिरकली नाही.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या होडीचं इंजिन काढायचं होतं. चाचा सगळा लवाजमा घेऊन किनाऱ्यावर हजर. "ओढा ना चाचा!" म्हणून ह्यांची घाई. चाचांनी चेन जराशी ताणली, लांबून काटा वाचला आणि थांबले. "इंजिनापेक्षा जास्त दाखवतोय. खालून कोनी तरी धरलाय." हे म्हणाले, काटाच बिघडलाय. झालं! चाचांनी रागाने चेन सैल सोडली, वाकून पाहिलं, तर एक नट काढायचा राहिलेला. तो ह्यांनीच विसरलेला. आणखी ओढलं असतं तर इंजिनाला बांधलेली वायर तुटून थेट ह्यांच्या तोंडावर आली असती. त्या नटाची आठवण मी ह्यांना अधूनमधून करून देते, बायकोचं कर्तव्य म्हणून.

मागच्या महिन्यात चाचांची एकुलती लेक नवऱ्याकडे कतारला निघाली. पोटुशी पोर, आईच्या हातच्या घावनाशिवाय पोटात काही ठरत नव्हतं. बॅग काट्याला लागली आणि काटा विमानवाल्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. "काढ," चाचा म्हणाले. सोडे निघाले, कोकमं निघाली, मसाल्याची बरणी निघाली. शेवटी तांदळाच्या पिठाची पिशवी आली, तेव्हा चाचींनी ती उराशीच धरली. "तिथं माझ्या पोरीला घावन कोन घालील?"

चाचांनी काट्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "टाक सगळा परत. मघाशी चुकून वाचला असेल."

चाचा आणि चुकून! बॅग भरून पुन्हा टांगली. चाचा स्वतःची रेघ ओलांडून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "बघ, बरोबर भरली!" चाचांनी काटा वाचला आणि चाची खुलल्या. मी बाजूला होते म्हणून मला दिसलं, चाचांनी बॅगेखाली गुडघा लावला होता. माझी जीभ वळवळली, पण त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं आणि जाताना पुटपुटले, "जास्तीच्या वजनाचा भाडा मी भरतो. चाचीला बोलू नको हां."

लेक चाचांच्या गळ्यात पडून रडली, बॅग उचलून सगळे गाडीकडे गेले. चाचांना बोलवायला मी पडवीत परत आले. हुक रिकामा होता, काटा केव्हाच शून्यावर आला होता आणि चाचा अजून तो वाचत उभे होते.